येऊनजाऊन असणारा दोष

यंत्राचा एखादा भाग कायमचा निकामी झाला, तर त्याला ओळखून बाजूस सारणे तुलनेने सोपे असते. खरी अडचण होते ती दोष क्षणभर प्रकट होऊन लगेच नाहीसा होत असेल तेव्हा. नियंत्रक संगणकाने तत्काळ अविश्वास दाखवावा, तर धडधाकट भागही किरकोळ कारणाने बाद होतो. थांबावे, तर तेवढ्यात चुकीची माहिती आत शिरते. किती वेळ थांबावयाचे, हाच या शास्त्रातील कळीचा प्रश्न होय.

७ ऑक्टोबर २००८ रोजी सिंगापूरहून पर्थला जाणाऱ्या क्वांटास कंपनीच्या एअरबस ए-३३० विमानात या प्रश्नाचे गांभीर्य दिसून आले. पंख समोरून येणाऱ्या हवेशी जो कोन करतो, त्याची तीन स्वतंत्र मापे या विमानातील संगणकाला मिळतात. पहिल्या दोहोंची सरासरी घ्यावयाची आणि त्यांपैकी एखादे माप तिन्हींतील मधल्या मापापासून फार ढळले, तर आधीची सरासरी १.२ सेकंद धरून ठेवावयाची, अशी योजना होती. माप एका सेकंदाहून अधिक काळ ढळलेले राहिले, तर ते उरलेल्या प्रवासापुरते बादच होई. योजना विचारपूर्वक केलेली होती, हे मान्य केले पाहिजे. ए-३३० व ए-३४० विमानांच्या २.८ कोटींहून अधिक उड्डाण-तासांत ती एवढ्या एकाच वेळी फसली.

त्या दिवशी पहिल्या मापन-संचाकडून येणारा कोन मधूनच ५० अंशांवर उसळे आणि लगेच पूर्ववत होई. उंचीचा आकडा कोनाच्या नावाने पाठविला जात असावा, असे तपासात आढळले. एका उसळीनंतरची १.२ सेकंदांची मुदत संपली, नेमकी तेव्हाच दुसरी उसळी हजर होती. संगणकाने ती खरी मानली आणि पंखांची उचलशक्ती संपत आहे असे समजून ३७,००० फुटांवर विमानाचे नाक खाली दाबले. पट्टे न बांधलेली माणसे छतावर आदळली. किमान ११० प्रवासी व ९ कर्मचारी जखमी झाले. त्यांपैकी १२ जणांच्या जखमा गंभीर होत्या. विमान लिअरमंथ येथे उतरविण्यात आले.

पुढे एअरबसने मापे स्वीकारण्याची रीत बदलली. दोषी संचाची कसून तपासणी झाली. त्याच संचात २००६ च्या सप्टेंबरातही असाच बिघाड झाला होता, मात्र तेव्हा विमान झुकले नव्हते. तपासणीत तो दोष पुन्हा एकदाही प्रकट झाला नाही.