सभासदाची गुंतवणूक आणि सभेतील प्रश्न



या पानावर आपण नेहमी बेणे, लागण, खत, पाणी यांबद्दल वाचता. या वेळी विषय जरा वेगळा घेत आहे. ताळेबंद आणि सभा हा ऊस विकास अधिकाऱ्याचा प्रांत नव्हे, असे काहींना वाटेल. मलाही पूर्वी तसेच वाटत असे. परंतु साखरेचा उतारा जसा माती, पाणी आणि जातीवर अवलंबून असतो, तसाच तो सभेत कोणी काय विचारले आणि त्याला काय उत्तर मिळाले यावरही अवलंबून असतो, हे मला नोकरीत उशिरा कळले.

आपल्याकडे बैलजोडी घ्यायला माणूस बाजारात गेला तर काय करतो? दात पाहतो, खूर पाहतो, चार पावले चालवून पाहतो. "मारका तं नाही ना बाप्पा?" असे दोन-तीन वेळा विचारतो. मग कुठे पैसे काढतो. तोच माणूस कारखान्याचा भाग घेतो तेव्हा दाखला घडी करून पेटीत ठेवतो आणि वीस वर्षे त्याकडे पाहत नाही. दरवर्षी अहवाल घरी येतो. त्यातले फोटो पाहून होतात आणि मग तो पोरांच्या वह्यांना कव्हर घालायच्या कामी येतो.

यावर कोणी म्हणेल की भागाची रक्कम ती केवढी! पण आपली गुंतवणूक ती नव्हेच. आपली खरी गुंतवणूक ऊस आहे. हिशेब करून पाहू. दोन एकर ऊस, एकरी ४० टन, म्हणजे ८० टन. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्र सरकारने १०.२५ टक्के उताऱ्यास टनाला ३५५० रुपये रास्त व किफायतशीर दर ठरवला. त्या दराने, तोडणी-वाहतूक वजा होण्यापूर्वी, हा माल २ लाख ८४ हजारांचा झाला. एवढा माल आपण काट्यावर उतरवून हातात पावती घेऊन घरी येतो. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे १४ दिवसांत पैसे मिळायला हवेत, आणि उशीर झाल्यास १५ टक्के व्याज लागू होते. म्हणजे सभासद हा मालक आहे, माल पुरवणारा आहे आणि काही दिवसांपुरता सावकारही आहे. किराणा दुकानदार दोन हजारांची उधारी देताना गिऱ्हाईकाची चौकशी करतो. आपण पावणेतीन लाखांची देतो आणि करत नाही.

आता गुंतवणूकदार काय पाहतो? तो यंदाचा दर पाहतोच, पण दर कशातून निघतो ते आधी पाहतो. १२५० टन दैनिक गाळपाचा कारखाना १५० दिवस पूर्ण चालला तर १,८७,५०० टन गाळप होते. उतारा नुसता ०.१ टक्क्याने घसरला तर १८७५ क्विंटल साखर कमी पडते. २०१९ साली ठरलेला किलोला ३१ रुपये हा किमान विक्री दर धरला तरी ५८ लाख १२ हजार ५०० रुपये गेले. ते गाळपाला आलेल्या प्रत्येक टनातून गेले, आपल्याही. सभेत चहापाण्याच्या खर्चावर अर्धा तास वाद होतो आणि उताऱ्याचा आकडा वाचला जातो तेव्हा मांडवात गप्पा चाललेल्या असतात. हे मी अनेक सभांत पाहिले आहे.

उतारा का घसरतो, त्याची एक गोष्ट सांगतो. ती माझ्याच चुकीची आहे.

बऱ्याच वर्षांपूर्वीची एक गट सभा. मार्च महिना, ऊन तापलेले. एक वयस्क सभासद उभे राहिले. म्हणाले, "साहेब, मले एक इचारायचं हाये. माह्या उसाची तोड सोमवारी झाली, काट्यावर वजन गुरुवारी. मधल्या तीन दिवसांत जो रस उडला, थो कोनाचा?" मी म्हणालो, "काका, हे गट ऑफिसात येऊन विचारा, इथं सर्वांचा वेळ जातो." मांडवात चार लोक हसले. काका "बरं" म्हणून खाली बसले.

पुढच्या वर्षी ऊस नोंदीला गेलो तर त्यांच्या वावरात हरभरा. शेजारच्या दोघांनीही ऊस मोडलेला. काकांनी चहा पाजला आणि कोनाड्यातून एक वही काढून दिली. त्यात प्रत्येक खेपेची तोडीची तारीख, वजनाची तारीख आणि वजन लिहिलेले होते. म्हणाले, "इचारलं तवा तुमी आयकलं नाही साहेब. आता वाचा." वही घेऊन मी त्या संपूर्ण गटाच्या चिठ्ठ्या काढल्या. चूक माझ्या कार्यक्रमातच होती. रस्ता चांगला म्हणून त्या गटात मी एकदम तीन टोळ्या घातल्या होत्या. तोड वाहतुकीपेक्षा जास्त होत होती आणि ऊस बांधावर व गाडीतळावर वाळत होता. तोडलेला ऊस शक्यतो २४ तासांत गव्हाणीत पडला पाहिजे, हे मी स्वतः शेतकरी मेळाव्यात सांगत असे. नंतर वजन घटते, आणि साखरेचे रूपांतर अशा शर्करेत होते जी दाणेदार साखर म्हणून पोत्यात येत नाही. आपल्या वऱ्हाडातील मार्च-एप्रिलच्या उन्हात हे फार झपाट्याने होते. पुढील हंगामात मी टोळ्या विभागल्या आणि चिठ्ठीवर तोडीची वेळ टाकायला लावली. ताजा ऊस येऊ लागला. पण काकांचा ऊस पुन्हा आला नाही.

यात शिकण्यासारखे काय आहे ते आल्बर्ट हर्शमन या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली एका पुस्तकात मांडून ठेवले आहे. संस्था बिघडू लागली की माणसापुढे दोन वाटा असतात : सोडून जाणे किंवा बोलणे. त्यांनी नायजेरियातील रेल्वेचा दाखला दिला. तिथली रेल्वे बिघडली, माल ट्रकने जाऊ लागला, आणि ट्रक आले तरी रेल्वे सुधारली नाही. कारण ज्यांनी सर्वांत मोठ्याने तक्रार केली असती तेच आधी निघून गेले. कंपनीच्या भागधारकाला काही पटले नाही तर तो भाग बाजारात विकतो. भाव पडतो आणि व्यवस्थापनाला चटका बसतो. आपल्या भागाला असा बाजारभाव नाही. लाभांशालाही सहकार कायद्याने १५ टक्क्यांची मर्यादा आहे. मत भाग कितीही असले तरी एकच. तेव्हा आपल्याकडे सोडून जाणे म्हणजे उसाऐवजी सोयाबीन, हरभरा नाहीतर संत्रा. त्याचा आवाज कोणालाच ऐकू येत नाही. एक-एक वावर कमी होते, गाळपाचे दिवस घटतात, पगार आणि कर्जाचे व्याज मात्र तेवढेच राहते, आणि राहिलेल्यांच्या टनावर बोजा वाढतो. विदर्भातील बहुतेक सहकारी साखर कारखाने बंद पडले, काहींचे लिलाव झाले. त्याला पाण्यापासून कर्जापर्यंत अनेक कारणे आहेत. पण किती ठिकाणी वेळीच कोणी उभे राहून विचारले आणि त्याला खाली बसवले गेले, हा हिशेब कोणत्याही अहवालात छापलेला नसतो.

उघड बोलण्याने व्यवहार सुधारतो हे वऱ्हाडला नवीन नाही. जुन्या बाजारात दलाल रुमालाखाली बोटे दाबून भाव ठरवत. माल ज्याचा, त्यालाच भाव कळत नसे. कारंज्याला १८८६ साली नियंत्रित बाजार सुरू झाला आणि १८९७ साली वऱ्हाडासाठी कापूस व धान्य बाजाराचा कायदा झाला, तो देशातील अशा पहिल्या कायद्यांपैकी. त्या बाजार समित्यांत व्यापाऱ्यांचाच भरणा असे, शेतकऱ्याला जागा पुढे मिळाली. तरी वजन आणि अडत उघड झाली ही गोष्ट मोठी होती. आणि विठ्ठलराव विखे पाटील यांनी प्रवरेला शेतकऱ्यांचा कारखाना उभारला, त्याचे पहिले गाळप १९५० साली झाले, तेव्हा अध्यक्षपदावर धनंजयराव गाडगीळ हे अर्थशास्त्रज्ञ होते. जन्म नाशिकचा. माझ्या समजुतीप्रमाणे यात मोठे शहाणपण होते. ज्याचा स्वतःचा ऊस नाही आणि ज्याला आकडे वाचता येतात, त्याच्यासमोर सर्वांनी बोलायचे.

आता आपण काय वाचावे? सगळा अहवाल वाचण्याची गरज नाही. गाळप, उतारा आणि गाळपाचे दिवस यांचे तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी मांडा. ताळेबंदात तोडणी-वाहतूक ॲडव्हान्सची येणे बाकी पाहा. मुकादमांकडे दिलेली उचल वर्षानुवर्षे तीच राहिली असेल तर ती येणे नव्हे, बुडीत आहे, मग नाव काहीही असो. कर्जावरील व्याज टनामागे किती पडले ते भागून काढा. लेखापरीक्षकांचे शेरे आणि त्यांची दोषदुरुस्ती झाली का, हे शेवटच्या पानांत असते, आणि तीच पाने कोणी उलटत नाही. सहकार कायद्याच्या कलम ३२ प्रमाणे शेवटचा लेखापरीक्षित ताळेबंद, नफा-तोटा पत्रक, सर्वसाधारण सभेचे इतिवृत्त आणि आपल्या स्वतःच्या व्यवहाराच्या नोंदी कार्यालयीन वेळेत विनामूल्य पाहता येतात. त्यासाठी कोणाची ओळख लागत नाही.

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहितो, राग मानू नये. सभेत उठलेला प्रत्येक आवाज प्रश्न नसतो. निवडणूक जवळ आली की काहींना अचानक उताऱ्याची काळजी वाटू लागते. "दर वाढवा" ही घोषणा झाली. "उतारा अर्धा टक्का का घसरला, आणि तेवढा राखला असता तर दर किती बसला असता?" हा प्रश्न झाला. परंतु प्रश्न विरोधकाने विचारला म्हणून तो खोटा ठरत नाही. त्याचा आकडा तपासावा आणि आकड्याने उत्तर द्यावे. आम्हा अधिकाऱ्यांना हे जड जाते, कारण उत्तर देताना कधीकधी आपल्याच सहीचा कागद पुढे येतो.

येत्या सर्वसाधारण सभेसाठी आपले प्रश्न लेखी, नाव व गटासह, सभेच्या आठ दिवस आधी गट कार्यालयात द्यावेत. चिटबॉयजवळ दिले तरी पोचतील. शेतकी खात्याच्या प्रश्नांची उत्तरे मी सभेत आकड्यांसह वाचून दाखवीन. आणि या हंगामात तोडणी चिठ्ठीवर तोडीची तारीख व वेळ, आणि वजन पावतीवरची वेळ, दोन्ही एका वहीत उतरवून ठेवत चला.