जिभेला बधिरपणा का येतो?

तिरफळ घातलेल्या बांगड्याच्या आमटीने जीभ थोडा वेळ झिणझिणते. दुखऱ्या दाढेत लवंग धरली, म्हणजे शेजारची जिभेची कडही बधिर होते. असा बधिरपणा थोड्याच वेळात नाहीसा होतो. कारण त्या पदार्थांतील द्रव्यांचा परिणाम मज्जातंतूंच्या टोकांपुरताच असतो. परंतु तसे काहीही न खाता जीभ बधिर झाली, तर बिघाड कोठे आहे, याचा शोध घ्यावा लागतो.

त्यासाठी जिभेच्या संवेदनांचा मार्ग माहीत असला पाहिजे. मेंदूपासून मज्जातंतूंच्या बारा जोड्या निघतात. जिभेच्या पुढील दोन-तृतीयांश भागाला होणारा स्पर्श व वेदना पाचव्या मज्जातंतूच्या शाखेमार्फत मेंदूकडे जातात. त्याच भागाची चव सातव्याच्या शाखेमार्फत जाते. मागील भागाचा स्पर्श व चव ही दोन्ही कामे मुख्यतः नववा मज्जातंतू करतो. उजव्या व डाव्या बाजूंचे तंतू वेगवेगळे असतात. म्हणून बधिरपणा एका बाजूस आहे की दोन्ही बाजूंस, अकस्मात आला की हळूहळू, यावरून त्याच्या कारणाचा पुष्कळसा बोध होतो.

पाचव्या मज्जातंतूची ही शाखा खालच्या अक्कलदाढेच्या अगदी जवळून जाते. दाढ काढताना तिला इजा झाल्यास जिभेची तेवढीच बाजू बधिर होते. बहुधा काही आठवड्यांत वा महिन्यांत संवेदना परत येते. क्वचित ती कायमची जाते. दंतवैद्याने दिलेल्या भुलीचा परिणाम मात्र काही तासांतच ओसरतो. तोवर जीभ चावली वा भाजली तरी कळत नाही. म्हणून खाणे टाळावे.

दोन्ही बाजूंस मुंग्या येत असतील, तर कारण बहुधा रक्तात असते. रक्तातील कॅल्शियम घटले, की ओठ, जीभ व बोटांची टोके झिणझिणतात. मधुमेहाच्या रोग्याची रक्तशर्करा औषधामुळे फार उतरल्यास असेच होते; सोबत घाम व कंप असतो. अशा वेळी रोगी शुद्धीवर असल्यास त्याला तत्काळ साखर द्यावी. ब-१२ जीवनसत्त्वाच्या अभावी जीभ लाल व गुळगुळीत होते, तिची आग होते आणि पायांनाही मुंग्या येतात. हे जीवनसत्त्व १९४८ मध्ये शुद्ध स्फटिकरूपात मिळवण्यात आले. ते दूध, अंडी, मासे व मांस यांत असते. धान्यांत व भाज्यांत ते जवळजवळ नसतेच.

एक कारण मात्र क्षणाचाही विलंब सहन करीत नाही. बधिरपणा अकस्मात आला, तोंड वाकडे झाले, एक हात लुळा पडला किंवा बोलणे अडखळू लागले, तर तो पक्षाघात समजावा. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकली असल्यास ती विरघळवणारे औषध साधारणतः पहिल्या साडेचार तासांतच देता येते. लक्षणे थोड्या वेळाने ओसरली, तरीही रोग्यास रुग्णालयात नेलेच पाहिजे. तसेच जिभेवरील व्रण तीन आठवड्यांत भरून न आल्यास, विशेषतः तंबाखू खाणाऱ्याने, तो वैद्यास दाखवावा.

जिभेचा बधिरपणा हा स्वतः रोग नव्हे, ती एक सूचना होय. ती कोठून आली, हे ओळखण्यातच उपचाराचा आरंभ असतो.