भाकरी आणि डाळ : प्रथिनांची जोडी

प्रथिने म्हटली की दूध, अंडी, मांस हेच पदार्थ डोळ्यांपुढे येतात आणि सामान्य कुटुंबाला ते परवडणार नाहीत, असा समज करून घेतला जातो. हा समज दूर होणे आवश्यक आहे.

शरीराची वाढ करणे व झीज भरून काढणे हे प्रथिनांचे मुख्य कार्य होय. प्रथिने अमिनो आम्लांची बनलेली असतात. त्यांपैकी ९ आम्ले शरीराला स्वतः तयार करता येत नाहीत; ती अन्नातूनच मिळवावी लागतात. ज्वारी, गहू, तांदूळ यांत लायसीन कमी असते, तर डाळी-कडधान्यांत ते भरपूर, परंतु मेथिओनीन कमी असते. एकाची उणीव दुसरे भरून काढते. भाकरी-पिठले, वरण-भात, मटकीची उसळ व पोळी या आपल्या नेहमीच्या जोड्यांचे मर्म हेच आहे.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०२० च्या शिफारशीनुसार प्रौढ व्यक्तीस वजनाच्या दर किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ५५ किलो वजनाच्या स्त्रीस सुमारे ४६ ग्रॅम. दिवसभरात २५० ग्रॅम धान्य, ८५ ग्रॅम डाळी-कडधान्ये व ३०० मिलिलिटर दूध घेतल्यास सुमारे ५० ग्रॅम प्रथिने मिळतात. मात्र एकूण अन्न अपुरे पडले, तर शरीर प्रथिनेच इंधन म्हणून वापरते. म्हणून पोटभर जेवण ही पहिली अट आहे.

गर्भवतीची गरज शेवटच्या तीन महिन्यांत रोज २२ ग्रॅमनी वाढते. पण अनेक घरांत सर्वांची जेवणे आटोपल्यावर तीच शेवटी बसते आणि तिच्या वाट्याला भाकरी येते, डाळ मात्र तळाशी गेलेली असते. बाळाच्या बाबतीतही अशीच चूक होते. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधाबरोबर त्याला वरणाचे वरवरचे पाणी पाजले जाते. त्या पाण्यात प्रथिने फारच थोडी असतात. ती खालच्या डाळीत असतात. मऊ शिजवून घोटलेली घट्ट डाळ, भात व थोडे तेल किंवा तूप हेच बाळाचे खरे अन्न होय.

सकस आहारासाठी नेहमीच अधिक पैसा लागतो असे नाही. घरातील डाळ कोणाच्या ताटात किती पडते, एवढे पाहिले तरी पुष्कळ साधेल.