बाळाला जमिनीवर सोडा

जून-जुलैत महाड-पोलादपूरच्या वाड्यांवर लावणी सुरू होते आणि तान्ह्या बाळांचे दिवस झोळीत जाऊ लागतात. आई शेतात, आजी चुलीपाशी, बाबा मुंबईला नाहीतर एमआयडीसीत पाळीवर. बाहेर धो धो पाऊस, घरात ओल. अशा वेळी बाळाला झोळीत घालून झोका देणं सोयीचं पडतं आणि त्यात मी कुणाला दोष देत नाही. पण गणपतीच्या सुमारास यातल्या काही आया बाळाला घेऊन येतात आणि काळजीने विचारतात, “डॉक्टर, आठ महिने झाले, अजून नीट बसत नाही. चालायला उशीर होईल का?” तपासल्यावर बाळ बहुतेक वेळा ठणठणीत निघतं. त्याला हातपाय हलवायला मोकळी जमीनच मिळालेली नसते.

चालण्याची तयारी मानेपासून होते. आधी मान धरते, मग बाळ कुशीवर वळतं, पालथं पडतं, बसतं, रांगतं आणि धरून उभं राहतं. ताकद अशी वरून खाली उतरत येते. म्हणून बाळ जागं असताना त्याला रोज पोटावर पालथं ठेवा. अजून रांगू न लागलेल्या बाळाला दिवसभरात थोडं थोडं करून निदान अर्धा तास असं खेळू द्यावं, हे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे. सुरुवातीला दोन-तीन मिनिटंच पुरे. तेल लावल्यावर, अंघोळीआधीची वेळ उत्तम. दूध पाजल्या पाजल्या नको. जमिनीवर चटई आणि वर घट्ट घडीची गोधडी घाला. गुबगुबीत गादी नको, पलंग तर नकोच, कारण बाळ पहिल्यांदा कूस बदलतं ते सांगून नाही. आजीने समोर आडवं होऊन बोलावं, म्हणजे बाळ मान वर करतं. झोपवताना मात्र नेहमी पाठीवरच.

सहाव्या महिन्यानंतर स्टीलची वाटी, लाकडी चमचा, खुळखुळा हाताला जरा लांब पडेल असा ठेवा. ते गाठायची धडपड बाळाला करू द्या, लगेच उचलून हातात देऊ नका. आणि मोबाईल दाखवून त्याला एका जागी बसवू नका. वर्षाच्या आत स्क्रीन अजिबात नको.

शेजारचं बाळ दहाव्या महिन्यात चाललं म्हणून आपल्या बाळाची तुलना करू नये. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतल्या निरोगी बाळांच्या नोंदी घेतल्या, तेव्हा आधाराशिवाय बसण्याचं वय सुमारे ४ ते ९ महिने आणि एकट्याने चालण्याचं सुमारे ८ ते साडेसतरा महिने असं निघालं. शंभरातली चार-पाच बाळं तर हातागुडघ्यांवर रांगलीच नाहीत, थेट उभी राहिली.

वॉकर मात्र आणू नका. बाजारातून वाजतगाजत आणलेला असला तरी परत करा. त्यात बाळ लोंबकळत बसतं, बोटांवर ढकलत पळतं, तोल सांभाळायला शिकतच नाही. ओट्याच्या कडेवरून, पायरीवरून तो क्षणात उलटतो आणि डोक्याला मार लागतो. कॅनडाने २००४ मध्ये वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली ती याच अपघातांमुळे. आपल्या घरांतला लाकडी पांगुळगाडा याहून कितीतरी चांगला. बाळ स्वतःच्या पायांवर उभं राहून तो पुढे ढकलतं. धरून उभं राहता येऊ लागल्यावर, सपाट जागेत, कुणीतरी जवळ असताना तो जरूर द्या. घरात पाय उघडेच ठेवा, बूट नकोत.

जमिनीवर सोडा म्हटलं की इथल्या आईच्या मनात पहिल्यांदा विंचू येतो, आणि ती भीती खरी आहे. इथल्याच महाड तालुक्यात, बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात, डॉ. हिंमतराव बावसकरांनी १९७०च्या दशकात लाल विंचू चावलेल्या रुग्णांच्या उशाशी बसून नोंदी केल्या. १९८२ मध्ये त्यांचं काम ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे प्राझोसिन या औषधाच्या उपचाराने, जिथे शंभरातले चाळीस रुग्ण दगावत, तिथे मृत्यू एकावर आले. म्हणजे विंचवाच्या भीतीने बाळाला वर्षभर झोळीत ठेवायची गरज नाही, सावध राहायची आहे. गोधडी आणि झोळी रोज झटका. सरपण, गोवऱ्या, चिऱ्यांचा ढीग बाळाच्या जागेपासून दूर ठेवा, भिंतीच्या फटी बुजवा. बाळ अचानक किंचाळून रडू लागलं, घामाने भिजलं, ओकलं, हातपाय गार पडले, तर मंत्र-उतारा न करता १०८ला फोन करून थेट रुग्णालय गाठा.

विंचवाइतकंच भय पाण्याच्या बादलीचं धरा. वीतभर पाण्यातही रांगतं बाळ बुडतं. चुलीला आडोसा हवा. उन्हाळ्यात जांभळाच्या बिया, फणसाच्या आठळ्या, काजूगर जमिनीवर राहू देऊ नका, ते थेट घशात जातात.

स्नायूंना लोह लागतं. सहा महिने पूर्ण झाल्यावर आईच्या दुधासोबत वरण-मऊ भात, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं उकडलेलं अंडं, काटे नीट काढलेला मासा सुरू करा. मध वर्षापर्यंत नको. आशाताई लोहाचं औषध देतात ते आठवड्यातून दोनदा, एक मिली, चुकवू नका. पावसाळ्यात इथे ऊन दिसत नाही. ‘ड’ जीवनसत्त्वाच्या थेंबांबद्दल डॉक्टरांना विचारा. मालिश हलक्या हाताने करा, नाकाकानात तेल घालू नका.

आता काळजीची लक्षणं. चार महिने संपले तरी मान धरत नाही, नऊ महिने उलटले तरी बसत नाही, वर्षाचं झालं तरी धरूनही उभं राहत नाही, दीड वर्षाचं होऊन चालत नाही, अशा वेळी थांबू नका. अंग फार ताठ किंवा फार ढिलं वाटलं, उभं धरल्यावर पाय कात्रीसारखे आडवे पडले, वर्षाच्या आतच एकाच हाताने सगळं करू लागलं, आवाजाकडे वळत नाही, नजर देत नाही, किंवा आधी येत होतं ते विसरलं, तरी तपासून घ्या. दिवस भरायच्या आधी जन्मलेल्या बाळाचं वय प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजा. “आमच्याकडे सगळी उशिरानेच चालतात” हे उत्तर या लक्षणांना लागू नाही. उपचार पहिल्या वर्षात सुरू झाला तर मेंदू आणि स्नायू सर्वाधिक साथ देतात. दोन वर्षं वाट पाहण्यात ती संधी निघून जाते.

आशाताई ३, ६, ९, १२ आणि १५ व्या महिन्यात घरी येतात आणि शाळा-अंगणवाडी तपासणी पथकही अंगणवाडीत वर्षातून दोनदा येतं. हे सगळं मोफत आहे. माता-बाल संरक्षण कार्डावर बाळाने कोणत्या महिन्यात काय करावं याची चित्रं आहेत. आशाताई येतील तेव्हा ते कार्ड बाहेर काढा, चित्रं त्यांच्यासोबत बघा आणि मनातली शंका त्याच दिवशी विचारा.