घरच्यांना घेऊन युद्धनौका पाहताना

४ डिसेंबर हा नौदल दिन. त्याच्या मागेपुढे मुंबईच्या नौदल गोदीत काही युद्धनौका सामान्य नागरिकांना पाहायला खुल्या करतात. आम्ही घरचे सगळे गेलो होतो: मी, माझे यजमान, दोन्ही मुलं आणि सासरे अप्पा. त्या भेटीतून जे कळलं, ते जाऊ इच्छिणाऱ्यांसाठी लिहिते आहे.

१. आदल्या रात्री मुलांना १९७१चं युद्ध सांगा

जहाज दिसायला पोलादाचा डोंगर. त्याच्यामागची गोष्ट ठाऊक नसेल तर मुलं तोफेपाशी उड्या मारून परत येतात. म्हणून आम्ही आदल्या रात्री जेवणं झाल्यावर त्यांना त्या युद्धातली ४ डिसेंबरची रात्र सांगितली. निपात, निर्घात आणि वीर या तीन लहान क्षेपणास्त्र नौकांनी कराचीच्या तोंडाशी जाऊन हल्ला केला. पाकिस्तानची खैबर ही विनाशिका बुडाली, किआमारीच्या तेलटाक्या पेटल्या आणि आपल्या तिन्ही नौका सुखरूप परतल्या.

तिथेच थांबू नका. पाच दिवसांनी, ९ डिसेंबरला, दीवजवळ आपली खुकरी ही युद्धनौका पाकिस्तानी पाणबुडीने बुडवली. १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. तिचे कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांनी सहकाऱ्यांना बाहेर पडायला मदत केली आणि स्वतः जहाजावरच राहिले. त्यांना मरणोत्तर महावीर चक्र मिळालं. हे ऐकून धाकटा बराच वेळ गप्प होता. मुलांना विजय सांगायचा आणि हानी लपवायची, हे मला पटत नाही. दोन्ही कळलं की जहाजावर पाऊल ठेवताना ती आपणहून शांत होतात.

२. ओळखपत्र सगळ्यांचं, बूट रबरी तळव्याचे

साडी, सैल ओढणी, उंच टाचा घरी ठेवा. जहाजावरचे जिने जवळजवळ उभे असतात. उतरताना तोंड जिन्याकडे आणि दोन्ही हात कठड्यावर. पिशव्या कमीत कमी घ्या, कारण तपासणीची रांग पिशव्यांमुळेच लांबते.

३. मोबाइल बाहेर राहिला तर कुरकुरू नका

आम्हाला फोन आत नेता आले नाहीत. चुकामूक झाली तर कुठे भेटायचं ते गोदीच्या फाटकाबाहेरच ठरवलं आणि मुलांच्या खिशात नाव-नंबरची चिठ्ठी घातली. फोटो काढायचा नाही म्हटल्यावर मुलं नीट बघू लागली. घरी आल्यावर मोठीने आठवणीतून अख्ख्या जहाजाचं चित्र काढलं. रडार, तोफ, हेलिकॉप्टरचं हँगर, सगळं जिथल्या तिथे.

४. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना न्याच

‘एवढे जिने कसे चढणार?’ म्हणून अप्पांना घरी ठेवायचा विचार चालला होता. ते हर्णैचे, तरुणपणी मच्छीमारी मचव्यावर होते. वरच्या मजल्यांवर ते आले नाहीत, खालच्या डेकवरच थांबले. पण जहाज सगळ्यात जास्त कुणी पाहिलं असेल तर त्यांनीच.

आम्ही क्षेपणास्त्रांकडे बघत होतो, तेव्हा ते धक्क्याला बांधलेले दोर बघत होते. त्यांनी तिथल्या नौसैनिकाला विचारलं, “भरती-ओहोटीला जहाज वर-खाली होणार. रात्री दोर कोण बघतो?” त्या मुलाचा चेहरा उजळला. “काका, रात्रभर पहारा असतो. दोर ताणला की सैल करायचा, ढिला पडला की ओढायचा.” मग दोघांचं जे सुरू झालं ते आम्ही फिरून येईपर्यंत संपलं नव्हतं. मागच्या टोकाला फडकणारं नौदलाचं निशाणही अप्पांनीच नातवंडांना दाखवलं. २ सप्टेंबर २०२२ला कोचीत नव्या विक्रांत या विमानवाहू नौकेबरोबर ते आलं आणि त्यावरच्या अष्टकोनाची प्रेरणा शिवरायांच्या राजमुद्रेची आहे. दर्यावर तरुणपण काढलेल्या माणसाने ते सांगावं आणि मुलांनी ऐकावं, हे मला त्या दिवसाचं सर्वांत मोठं देणं वाटतं.

५. तोफेइतकाच वेळ दरवाजांना द्या

आम्ही पाहिली ती कोलकाता वर्गातली विनाशिका माझगाव गोदीत बांधलेली. लांबी १६३ मीटर, म्हणजे लोकलचे आठ डबे एकापुढे एक लावावेत तेवढी. वजन साडेसात हजार टनांच्या आसपास. त्यावर ब्रह्मोस क्षेपणास्त्रं आहेत आणि गर्दी अर्थातच तिथे असते.

मला मात्र आतले दरवाजे आठवतात. जहाजाचं पोट पोलादी भिंतींनी अनेक कप्प्यांत विभागलेलं असतं. दरवाजाचा उंबरठा उंच, कडेला रबराची पट्टी, भोवती घट्ट आवळायच्या खिट्ट्या. एका कप्प्यात पाणी शिरलं की दरवाजे बंद करून ते तिथेच अडवायचं, म्हणजे बाकीचं जहाज तरंगत राहतं. हे समजावणाऱ्या नौसैनिकाला मोठीने विचारलं, “आणि आत कुणी असलं तर?”

त्याने प्रश्न टाळला नाही. “आधी सगळ्यांना बाहेर काढायचं. म्हणून तर अंधारातही वाट सापडेल इतका सराव करतो.”

आदल्या रात्री सांगितलेली खुकरी मुलांना तिथे खरी कळली.

६. नौसैनिकांशी बोला, त्यांच्या कामाबद्दल आणि घराबद्दल

क्षेपणास्त्राचा पल्ला कुठेही वाचायला मिळतो. समोरच्या मुलाला त्याचं गाव विचारा. आम्हाला भेटलेला एक जण साताऱ्याकडचा होता. नौदलात येईपर्यंत त्याने समुद्र पाहिला नव्हता, पहिलं खारं पाणी पाहिलं ते ओडिशात, आयएनएस चिल्कावर प्रशिक्षणाला गेल्यावर. पहिल्या सफरीत उलट्यांनी हैराण झाला, तरी पहारा चुकवला नाही. जहाजावर समुद्राच्या पाण्यापासूनच गोडं पाणी तयार होतं, ते जपून वापरायची सवय सुटीत घरीही जात नाही, म्हणाला. आई अजून विचारते, तिथे भाकरी मिळते का?

अशा गप्पांना वेळ ठेवा. मात्र जहाज कुठे जाणार, कधी निघणार, हे विचारू नका. मुलांनाही आधीच समजावून ठेवा.

७. मुलींना पुढे उभं करा

‘हे मुलांचं काम’ असं रांगेत कुणीतरी म्हणालं. मी मुलीला तिथेच प्रेरणा देवस्थळी यांचं नाव सांगितलं. आयएनएस त्रिंकाट या युद्धनौकेचं नेतृत्व त्यांच्याकडे आल्याचं २०२३च्या नौदल दिनाआधी जाहीर झालं. भारतीय नौदलाच्या युद्धनौकेचं नेतृत्व करणाऱ्या त्या पहिल्या महिला अधिकारी. आता अग्निवीर म्हणून मुली नौसैनिकही होत आहेत. मोठ्या मुलीने यानंतर सुकाणूपाशी उभं राहून प्रश्नांची सरबत्ती केली.

८. वर्षातून एकदाच का?

परतताना अप्पांनी हेच विचारलं. जुनी विक्रांत २००१पासून २०१२पर्यंत मुंबईत संग्रहालय म्हणून पाहता येत होती. १९७१मध्ये तिच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले होते. २०१४मध्ये ती मोडीत निघाली. माझ्या पिढीने ती पाहिली, माझ्या मुलांना पाहता येणार नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरीकडे विशाखापट्टणमच्या किनाऱ्यावर कुरसुरा पाणबुडी २००२पासून लोक आत जाऊन बघतात. त्या बुडालेल्या जहाजाचंच नाव धारण करणारी दुसरी खुकरी २०२१मध्ये निवृत्त झाली, ती दीवला दिली गेली. आपल्या राज्याला गुलदार ही निवृत्त नौका मिळाली आहे, निवतीजवळ समुद्रतळाशी संग्रहालय करण्यासाठी. ती कल्पना चांगलीच आहे, पण अप्पांच्या वयाचं माणूस पाण्याखाली कसं जाणार?

जिथे नौदलाचा पश्चिम विभाग आहे आणि माझगावची गोदी आहे, त्या मुंबईत पायी चढून बघता येईल अशी एक निवृत्त युद्धनौका कायमची हवी. आपल्या नगरसेवकाला, आमदाराला, खासदाराला हे पत्राने कळवा. आम्ही कळवलं आहे.