स्पर्शाची दृष्टी

चित्र डोळ्यांनी पाहावे आणि गाणे कानांनी ऐकावे, असे आपण सहज म्हणतो. मग दृष्टी गेल्यावर चित्रकाराने काय करावे? एका थोर कलावंताने या प्रश्नाचे दिलेले उत्तर प्रस्तुत पाठात आपण पाहणार आहोत.

जयपूरच्या जुन्या महालांतील आणि हवेल्यांतील भित्तिचित्रे प्रसिद्ध आहेत. तेथील 'आराइश' पद्धतीत चुन्याच्या ओल्या गिलाव्यावर रंग भरतात, ते ठोकून मुरवतात आणि अकीकाच्या दगडाने घोटून भिंतीला चकाकी आणतात. गिलावा किती ओला आहे, घोटणी पुरी झाली की नाही, हे कारागिराला डोळ्यांइतकेच त्याचे हातही सांगतात.

याच जयपूरजवळील वनस्थली विद्यापीठात १९५१-५२ मध्ये बिनोदबिहारी मुखर्जी अध्यापन करीत होते. त्यांचा जन्म १९०४ साली बंगालमध्ये झाला. जन्मापासून त्यांचा एक डोळा निकामी होता व दुसऱ्याची दृष्टी अतिशय अधू होती. त्यामुळे त्यांच्या शालेय शिक्षणात खंड पडला. १९१९ मध्ये ते शांतिनिकेतनच्या कलाभवनात दाखल झाले. तेथे नंदलाल बोस यांच्या मार्गदर्शनाखाली शिकून ते पुढे अध्यापक झाले. तेथील हिंदी भवनात त्यांनी १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांच्या जीवनावर विशाल भित्तिचित्र रंगवले.

वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया अयशस्वी होऊन त्यांची उरलीसुरली दृष्टीही गेली. तरीही १९५८ मध्ये ते कलाभवनात पुन्हा शिकवू लागले. कागदाला घड्या घालून, तो कात्रीने कापून ते आकृती घडवू लागले. मेण आणि माती त्यांच्या बोटांखाली आकार घेऊ लागली. १९७२ मध्ये कलाभवनाच्या भिंतीवर त्यांनी चिनी मातीच्या फरशांचे मोठे भित्तिशिल्प साकारले. त्याच वर्षी त्यांचे शिष्य सत्यजित राय यांनी त्यांच्यावर 'द इनर आय' हा माहितीपट काढला. १९७४ मध्ये त्यांना पद्मविभूषण हा सन्मान लाभला. १९८० मध्ये त्यांचे निधन झाले.

हे केवळ इच्छाशक्तीच्या बळावर घडले नाही. त्यामागे अनेक वर्षांचा अभ्यास, स्मरणात साठवलेले आकार आणि विद्यार्थ्यांचे साहाय्य होते. अंधत्व आल्यावर त्यांनी कला सोडली नाही, कलेचे साधन मात्र बदलले.

असाच विचार ध्वनीच्या क्षेत्रातही दिसतो. ध्वनी म्हणजे मुळात कंपन. ते कानांना ऐकू येते, तसे तळहातालाही जाणवते. जन्मतः बधिर असलेल्या अमेरिकन कलावती ख्रिस्टीन सन किम यांनी ध्वनिवर्धकावर कागद आणि शाईत भिजवलेले कुंचले ठेवून, त्याच्या कंपनांतून रेखाटने उमटवली. ध्वनी येथे डोळ्यांना दिसू लागतो.

कलेचे दार एकाच इंद्रियाने उघडते, असे मानल्यास कितीतरी माणसे दाराबाहेरच राहतील. शिक्षणाविषयीही आपण असेच म्हणू शकतो.

स्वाध्याय

१. 'आराइश' पद्धतीत स्पर्शज्ञानाला महत्त्व का आहे?
२. दृष्टी गेल्यानंतर बिनोदबिहारींनी कोणकोणती माध्यमे हाताळली?
३. पाठातील शेवटच्या वाक्याचा अर्थ स्वतःच्या अनुभवाच्या आधारे स्पष्ट करा.