पाणथळ शेतातील नत्राचा जमाखर्च

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने जिवाणूंवर लिहावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु सुरतेत राहणाऱ्यास हा विषय परका नाही. हजिऱ्याच्या कृभको कारखान्यात १९८६ पासून युरिया तयार होतो, आणि उकाई-काकरापारच्या कालव्यांवर ओलपाडकडे भात पिकतो. युरियाच्या ४५ किलोच्या पोत्यात ४६ टक्के, म्हणजे २०.७ किलो नत्र असते. ते सगळेच पिकाच्या खाती जमा होत नाही. काही भाग वायुरूपाने उडून जातो.

या गळतीचे एक कारण म्हणजे विनायट्रीकरण करणारे जिवाणू. त्यांपैकी पॅराकॉकस डिनायट्रिफिकन्स हा अभ्यासकांच्या विशेष परिचयाचा. हवा भरपूर असेल तर तो आपल्यासारखाच ऑक्सिजनवर श्वसन करतो. ऑक्सिजन कमी झाला की त्या टंचाईत उपयोगी पडणारी, ऑक्सिजन घट्ट पकडणारी निराळी प्रथिने बनवतो. शेतात पाणी साचून ऑक्सिजन संपत आला आणि जवळ नायट्रेट असले, म्हणजे चार नवी विकरे तयार होऊ लागतात. त्यांच्यामुळे नायट्रेटचे नायट्राइट, मग नायट्रिक ऑक्साइड, मग नायट्रस ऑक्साइड आणि शेवटी निरुपद्रवी नायट्रोजन वायू होतो. प्रथिने बनवण्यास शक्ती खर्चावी लागते. म्हणून गरज नसताना हा जिवाणू ती फारशी बनवीत नाही. काटकसर शिकावी तर त्याच्याकडून!

खरी मेख शेवटच्या पायरीत आहे. तेथील विकराला तांबे लागते. तांबे अपुरे असले किंवा माती आम्ल असली, तर हे विकर नीट सिद्ध होत नाही. मग हिशेब अर्धवट राहतो आणि नायट्रस ऑक्साइड हवेत जातो. शंभर वर्षांच्या मुदतीत, वजनास वजन धरता, तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे २७३ पट उष्णता अडवतो. ओझोनच्या थरालाही बाधतो. म्हणजे पैसा शेतकऱ्याचा जातो आणि नुकसान सर्वांचे होते.

उपाय काय? युरियापासून आधी अमोनियम होते व पुढे त्याचे नायट्रेट. हा दुसरा टप्पा लांबवला तर जिवाणूंच्या हाती नायट्रेट कमी लागते. कडुनिंबाचे तेल तेच काम करते. म्हणूनच २०१५ मध्ये सरकारने देशात बनणाऱ्या सर्व युरियाला निंबाचा लेप सक्तीचा केला. शिवाय खत एकदम न देता हप्त्याहप्त्याने द्यावे, हेही हिताचे.

ताळेबंदात न दिसणारा तोटा शोधणे हे आम्हा वाणिज्यवाल्यांचे काम. मातीतला हा तोटाही त्याच जातीचा आहे, असे मला वाटते.